शीग

म्वामीच्या नाक्यावर माझं काम काट्याचं.
पलीकडे म्चिंजी, अलीकडे चिपाटाचा रस्ता,
मधे दीडशे पावलांची जमीन
जिच्यावर कुणाचाच सारा बसत नाही.
दोन्हीकडच्या पैशाला नाव एकच, क्वाचा.
क्वाचा म्हणजे उजाडलं.
पण त्यांचं उजाडणं आमच्या उजाडण्याला पुरत नाही :
मूठभर नोटा द्याव्यात तेव्हा एक हाती येते,
आणि मूठ केवढी, ते रोज सकाळी बदलतं.

तिसुंगे येते मंगळवारी नि शुक्रवारी.
सायकल ढकलत, कारण बसायला जागाच नसते :
मागे दोन गोण्या, दांडीवर एक,
हँडलला लटकलेला रंगाचा रिकामा डबा.
तो तिचं माप.
शेंगा ओतते, डबा दोनदा जमिनीवर आपटते,
मग वरून ओंजळीओंजळीने रचत जाते
घरंगळायला लागेपर्यंत.
शीग गिऱ्हाइकाची, असं तिची आई म्हणायची.
सपाट मापाच्या घरी पाहुणासुद्धा जेवायला थांबत नाही.

माझ्या काट्याला शीग कळत नाही.
तो आकडा सांगतो, मी रकान्यात भरतो :
नाव, माल, किलो, किंमत, कुठून, कुठे.
‘कुठून’पाशी ती दर वेळी अडते.
“शेत बहिणीचं, तिकडे. बियाणं मामीचं, इकडचं.
खुरपायला दोन्हीकडच्या होतो.
लिही काय लिहायचं ते.”
मी म्चिंजी लिहितो.

मग दाणा सोलून यंत्रात टाकायचा, ओल मोजायची.
दिवा लागेपर्यंत ती एक शेंग कानाशी हलवते.
“माझी वाजते. तुझं काय म्हणतंय?”
माझं म्हणतं, सात.
बहुतेक वेळा दोघांचं जुळतं.
जूनमध्ये बॅटरी संपली होती,
तेव्हा आठवडाभर मीही कानानेच सही केली.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी पहाटे रेडिओ बोलला,
हवामानानंतर, फुटबॉलच्या आधी :
पलीकडचा भुईमूग पुढील हुकमापर्यंत बंद.
सातला साहेबांनी कागद चिकटवला.
खळ वाळायच्या आत ती आली.
तिकडचा ‘बाहेर’चा शिक्का बसलेला,
इकडचा ‘आत’चा बसेना.
मागे वळवली सायकल, तर तिकडचा शिपाई म्हणाला,
आता परत आणलंस तर ती आयात.
आणि तो हसलासुद्धा नाही.

थोडी भांडली. मग सायकल ट्रकांच्या रांगेला टेकवली,
चहावालीकडून शेगडी मागितली, पत्र्यावर वाळू पसरली,
आणि दीडशे पावलांच्या बरोब्बर मध्यावर
भाजायला बसली.

वास आधी साखरेच्या ट्रकपर्यंत गेला.
वायसन नावाचा ड्रायव्हर तीन दिवस रांगेत होता,
टोपी पुढे करून म्हणाला, यात घाल.
मग सिमेंटवाले, मग तिकडचा शिपाई,
कुणी या उजाडण्यात पैसे दिले, कुणी त्या,
तिने दोन्ही एकाच फडक्यात बांधले.
दुपारी साहेब उतरले. विचारलं,
ही निर्यात चाललीये का?
“कुठली निर्यात? खातायत माणसं.”
साहेबांनी कागदाकडे पाठ करून पावशेरभर संपवले.

चारला दोन गोण्या रिकाम्या.
तिसरीला तिने हात लावला नव्हता.
ती मामीची, परत करायची आहे, म्हणाली,
घेतलं त्याच्या दीडपट, तसं ठरलंय आमचं.
बियाण्याला माझ्याकडे रकाना नाही.
खाली ‘इतर’ आहे, त्यात कधी छत्र्या लिहितो.

जाताना डबा भरून माझ्यापुढे ठेवला,
रचून, वरपर्यंत.
सवयीने मी तो काट्यावर ठेवला.
आकडा उठला, थांबला,
मग वरच्या चार शेंगा घरंगळल्या
आणि तो थोडा खाली आला.
मी वाकून टेबलाखाली हात घातला.
तीन सापडल्या.